आकाशाची यादी आणि फाइलींचे लोढणे

दुर्बिणीने टिपलेल्या चित्रातून तारे व दीर्घिका वेचून त्यांचे तेज मोजणारी ‘सोर्स एक्स्ट्रॅक्टर’ ही आज्ञावली बर्टिन आणि आर्नू यांनी १९९६ साली प्रसिद्ध केली. तिचे काम चोख, पण रीत थेट कचेरीची. चित्र एका फाइलीत, सूचना दुसरीत, हव्या त्या मोजमापांची यादी तिसरीत. मग आज्ञा टंकावयाची आणि उत्तर चौथीत शोधावयाचे!

आजचा ज्योतिर्विद बहुधा पायथन भाषेत काम करतो. या फाइली पायथनकडून लिहवून घेऊन मूळ आज्ञावली मागून चालवावी, ही एक तोड. काइल बार्बरी यांनी मात्र तिचा गणिती गाभाच वेगळा काढला. त्यांचा ‘सेप’ हा संच संगणकाच्या स्मृतीतील आकड्यांवर थेट चालतो.

फाइलींबरोबर एक सोयही गेली. पार्श्वप्रकाशाहून किती उजळ ठिपका खरा मानावा, ही मर्यादा सूचनांच्या फाइलीत नोंदलेली असे; आता ती आज्ञांच्या एखाद्या ओळीत दडून बसते. ती थोडी खाली आणली, की अंधूक दीर्घिकांबरोबर खोटे ठिपकेही यादीत शिरतात. तो आकडा यादीच्या माथ्यावरच लिहिलेला बरा.