खेड्यातील कुटुंबाचा डॉक्टर

वैद्यकीची पदवी घेऊन खेड्यात जाणे म्हणजे विद्या फुकट घालविणे, असे पुष्कळ आईबापांच्या तोंडून आम्हां डॉक्टरांस ऐकावयास मिळते. त्यांस आम्ही जामखेडकडे पाहावयास सांगतो.

वेल्लोर येथे शिकलेले डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली त्या दुष्काळी तालुक्यात येऊन राहिले. रोग्याने औषध घेऊन बरे व्हावे, घरी तेच अशुद्ध पाणी प्यावे आणि पुन्हा दारी यावे, हा क्रम त्यांनी पूर्वीच्या इस्पितळात पाहिला होता. म्हणून त्यांनी गावोगावच्या स्त्रियांसच आरोग्याचे काम शिकविले. त्यांत निरक्षर होत्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्याही होत्या. जुलाब लागलेल्या मुलास मीठसाखरेचे पाणी कसे द्यावे, हे शेजारीण अशा बाईकडून जितक्या विश्वासाने शिकते, तितके आमच्यासारख्या कोटवाल्याकडून खचित शिकत नाही! १९७९ साली त्या उभयतांस मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

इस्पितळात रोगी खाटेवर भेटतो. खेड्यात त्याचे घर भेटते. कोणाची विहीर आटली, कोणती सून अर्धपोटी निजते, हे ज्यास ठाऊक तोच तेथला डॉक्टर होय. अर्थात आम्ही कोणास भुलवीत नाही. उत्पन्न बेताचे, हाक रात्रीअपरात्रीची, मुलांच्या शाळेची अडचण. वधूवरांनी हे सारे लग्नाआधीच बोलून घ्यावे हे बरे.

आपल्या धर्मग्रामातील जी मुले वैद्यकीच्या अभ्यासास जातील, त्यांस आईबापांनी निदान एकदा जामखेड दाखवून आणावे, एवढेच आमचे मागणे आहे.