राजपुत्र, खलनायक आणि कप्तान नेमो



मूल सिनेमा पाहून घरी आलं, की गोष्ट सांगताना ते दोन माणसांपासून सुरुवात करतं. एक भला आणि एक दुष्ट. बाकीची मंडळी त्याला मागाहून आठवतात. त्यातून भला माणूस राजपुत्र असला, तर मग विचारूच नका! पण हा भला का आणि तो दुष्ट का, हे ठरवलं कोणी? गोष्ट लिहिणाऱ्यानं, की तिचा चित्रपट करणाऱ्यानं, की प्रत्यक्ष घडून गेलेल्या इतिहासानं? या तिघांचं म्हणणं एक असतंच असं नाही. ते कसं वेगळं पडतं, हे आज एका उदाहरणावरून पाहू या.

उदाहरण आहे कप्तान नेमोचं. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या विज्ञानकादंबरीतला हा पाणबुडीचा मालक. विज्ञानकादंबरी म्हणजे शास्त्राच्या आधारानं पुढच्या काळाची कल्पना करून रचलेली कथा. व्हर्नच्या गोष्टी भा. रा. भागवतांनी मराठी मुलांसाठी आणल्या, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळ शिक्षकांना हे नाव ओळखीचं असेल. पण नेमो हा आपल्या देशातला राजपुत्र होता, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात राहिली आहे. आणि त्याच्या जन्मदात्या लेखकानं पुढं आपल्या मराठी पेशव्यालाच दुसऱ्या एका कादंबरीत खलनायक केलं, हे तर त्याहूनही थोड्यांना ठाऊक आहे. त्या दुसऱ्या कादंबरीचा आरंभ कुठं होतो म्हणाल? पाचोडहून गाडीत बसलं की तास-दीड तासात आपण जिथं उतरतो, त्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादेत! पण ते क्रमानं सांगतो.

व्हर्नची समुद्राखालच्या प्रवासाची कादंबरी १८६९-७० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात नेमो एक कोडंच आहे. 'नेमो' या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी 'कोणीही नाही'. हा माणूस विजेवर चालणारी 'नॉटिलस' नावाची पाणबुडी घेऊन सात समुद्र हिंडतो. पुस्तकं वाचतो, वाद्य वाजवतो, गरिबांना मदत करतो आणि एका विशिष्ट राष्ट्राची जहाजं दिसली की ती फोडून बुडवतो. कोणत्या राष्ट्राची, ते सांगत नाही. व्हर्नच्या मनात आधी नेमो पोलंडचा होता आणि त्याचा शत्रू होता रशियाचा झार. पण त्याचे प्रकाशक एत्झेल यांना ते राजकारणाच्या दृष्टीनं सोयीचं वाटेना. म्हणून नाव-गाव झाकून ठेवलं. म्हणजे पाहा, खलनायक कोण हे ठरवण्यात छापणाऱ्याचाही हात लागला.

पुढं १८७४-७५ मध्ये 'रहस्यमय बेट' ही कादंबरी आली आणि तिच्या शेवटी पडदा उघडला. म्हातारा, पांढऱ्या दाढीचा नेमो मरणाच्या दारात आहे आणि तो आपली हकीकत सांगतो. त्याचं खरं नाव राजपुत्र डक्कर. बाप बुंदेलखंडातल्या एका स्वतंत्र संस्थानाचा राजा. दहाव्या वर्षी शिक्षणासाठी युरोपात गेला, तिसाव्या वर्षापर्यंत तिकडं राहिला, शास्त्रं आणि कला शिकला. परत येऊन लग्न केलं, दोन मुलं झाली. १८५७ साल उजाडलं आणि तो लढ्यात उतरला. लढा फसला. आईबाप, बायको, मुलं सारी गेली. मग त्यानं उरलेली संपत्ती घेऊन पाणबुडी बांधली आणि जमिनीचं तोंड पाहायचं नाही असं ठरवलं. इथं खलनायक उघड आहे : परक्या देशावर बसलेली इंग्रजांची सत्ता.

व्हर्ननं हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. त्यानं डक्करला टिपू सुलतानाच्या नात्यातला केलं आहे. बुंदेलखंडातला राजा आणि श्रीरंगपट्टणचा टिपू! आपल्याकडचा सोयरीक जमवणारा हे ऐकून हसेल. पण बुंदेलखंड निवडण्यात मात्र तो फारसा चुकला नाही. १८५७-५८ मध्ये तिथं झाशीच्या राणी लक्ष्मीबाई लढल्या, बाणपूरचे राजा मर्दनसिंह लढले, बांद्याचे नवाब अलीबहादूर लढले. हे नवाब बाजीराव-मस्तानीच्या वंशातले. पहिले बाजीराव १७२९ मध्ये छत्रसालाच्या मदतीला धावून गेले, तेव्हापासून त्या मुलुखाशी मराठ्यांचं नातं जडलेलं. तेव्हा डक्कर कल्पनेतला असला, तरी त्याच्यासारखी माणसं त्या मातीत खरोखर होती आणि त्यांतली काही मराठी बोलणारी होती.

आता चित्रपटाकडं वळू. १९१६ मध्ये अमेरिकेत स्टुअर्ट पॅटन यांनी या दोन्ही कादंबऱ्या एकत्र करून मूकपट काढला. विल्यमसन बंधूंनी बहामा बेटांजवळ लोखंडी नळीच्या टोकाशी काचेची खोली बसवून पाण्याखालची दृश्यं टिपली. लोकांना त्याचंच मोठं नवल. या मूकपटात नेमो राजपुत्रच आहे. पूर्वकथेत हिंदुस्थान दाखवला आहे, महाल आहे, राणी आहे. मात्र नेमोचं काम केलं अॅलन होलुबार या गोऱ्या नटानं, चेहरा रंगवून. आणि खलनायक? तो आहे चार्ल्स डेन्व्हर नावाचा एक व्यापारी. तो राणीवर हात टाकू पाहतो, राणी जीव देते, तो तिच्या मुलीला पळवतो. नेमो समुद्रात फिरतो आहे तो या एका माणसाचा सूड घेण्यासाठी.

काय झालं, लक्षात आलं ना? राजपुत्र राहिला, पण त्याचं भांडण बदललं. देशाचं दुःख घराच्या दुःखाएवढं लहान झालं. यामागं एक व्यवहारही आहे. पुस्तकात सत्ता, कायदा, सावकारी असला न दिसणारा शत्रू चालतो. पडद्याला मात्र चेहरा लागतो. आपल्या वगातसुद्धा अन्याय दाखवायचा तर पाटील नाहीतर प्रधान उभा करावाच लागतो. जुलूम रंगमंचावर चालत येत नाही, जुलमी माणूस येतो. तेवढ्यापुरतं ठीक आहे. पण एक डेन्व्हर मेला की सारं संपलं, असं प्रेक्षकाला वाटून तो समाधानानं घरी जातो, आणि ज्या व्यवस्थेनं हजारो घरं मोडली ती बाजूलाच राहते.

१९५४ मध्ये वॉल्ट डिस्ने यांच्या कंपनीनं मोठा रंगीत बोलपट काढला. दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशर, नेमोच्या भूमिकेत जेम्स मेसन. अभिनय उत्तम, लांबलांब भुजांच्या राक्षसी समुद्रप्राण्याशी झालेली झुंज तर नाव काढण्यासारखी. पण इथं नेमोचं राजेपणही गेलं आणि हिंदुस्थानही गेला. तो एका छळछावणीतून सुटलेला कैदी आहे. त्याच्या बायकामुलांचा जीव घेणारं राष्ट्र कोणतं, त्याचं नाव नाही. १९६१ मध्ये 'रहस्यमय बेट'वर चित्रपट निघाला. त्यात हर्बर्ट लोम यांचा नेमो प्रचंड आकाराचे प्राणी वाढवतो, कशासाठी? जगातली उपासमार मिटावी आणि युद्धं थांबावीत म्हणून. विचार चांगला आहे. पण बुंदेलखंड तिथंही नाही. ज्या कादंबरीत डक्कर हे नाव उघड झालं, तिच्याच चित्रपटातून ते नाहीसं झालं.

२००३ मध्ये मात्र नेमो भारतीय म्हणून दिसला. व्हर्नच्या आणि इतरांच्या पात्रांना एकत्र गुंफलेल्या एका चित्रकथेवरून इंग्रजी चित्रपट निघाला, त्यात आपल्या नसिरुद्दीन शाह यांनी ही भूमिका केली. भारतीय नटानं भारतीय नेमो करावा, याला इतकी वर्षं लागली! फेटा, तलवार, दाढी, सगळं आहे. पण त्याच्या कालीपूजेकडे त्याचेच साथीदार संशयानं पाहतात. आणि २०२४ मध्ये आलेल्या 'नॉटिलस' या दूरचित्र-मालिकेत शाझाद लतीफ यांचा नेमो पुन्हा हिंदुस्थानचा राजपुत्र आहे, आणि समोर खलनायक म्हणून एका माणसाऐवजी व्यापारी कंपनीच उभी केली आहे. राजपुत्र तोच, पण शंभर वर्षांत त्याचा वैरी व्यापारी झाला, निनावी राष्ट्र झाला आणि अखेर कंपनीपर्यंत आला.

आता औरंगाबादेची गोष्ट. १८८० मध्ये व्हर्नची 'वाफेचं घर' ही कादंबरी आली. तिच्यात एका राजासाठी बनवलेला वाफेवर चालणारा पोलादी हत्ती दोन चाकांची घरं ओढत उत्तर हिंदुस्थानभर फिरतो. आरंभच असा : ६ मार्च १८६७ च्या संध्याकाळी औरंगाबादेत एक जाहीरनामा लागतो. नानासाहेबांना जिवंत वा मेलेलं आणून देणाऱ्याला दोन हजार पौंडांचं बक्षीस! आणि नानासाहेब तर फकिराच्या वेषात त्याच गर्दीत आहेत. पुढचं एक प्रकरण वेरूळच्या लेण्यांत घडतं. वाचताना मौज वाटते खरी. परंतु या पुस्तकात नानासाहेब केवळ क्रूर, केवळ सूडानं पेटलेले आहेत. शेवटी त्या पोलादी हत्तीच्या स्फोटात त्यांचा अंत सुचवला आहे.

एकच लेखक, एकच १८५७ साल. कल्पनेतला राजपुत्र डक्कर थोर, आणि ज्याचा मुलूख, घराणं, कैफियत खरी होती तो धोंडोपंत नाना दुष्ट! हे नानासाहेब १८२४ मध्ये कर्जत तालुक्यातल्या वेणगावी जन्मले, दुसऱ्या बाजीरावांना दत्तक गेले. १८५१ मध्ये बाजीराव वारल्यावर कंपनीनं सालीना आठ लाखांचा तनखा बंद केला. १८५७ च्या जून-जुलैत कानपुरास इंग्रज स्त्रिया-मुलांची कत्तल झाली, ते झाकून चालणार नाही. आणि नील व त्यांच्यासारख्या इंग्रज अधिकाऱ्यांनी गावंच्या गावं फासावर चढवली, तेही झाकून चालणार नाही. इंग्रजांनी नानांवर खरोखर लावलेलं बक्षीस एक लाख रुपयांचं होतं. नाना नेपाळच्या तराईत गेले ते कोणाच्या हाती लागले नाहीत. अशा माणसाला नुसता देव किंवा नुसता राक्षस ठरवणं सोपं असतं. त्याला माणूस म्हणून समजून घ्यायला वेळ लागतो.

खऱ्या औरंगाबादेत काय घडलं, ते मात्र व्हर्नच्या कादंबरीतून कळत नाही. शहर त्या वेळी निजामाच्या राज्यात होतं. जून १८५७ मध्ये इथल्या छावणीतल्या हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळात असंतोष पेटला. दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला आपल्याला नेणार, अशी त्यांना धास्ती होती. जनरल वुडबर्न फौज घेऊन आला. आपल्या अधिकाऱ्यावर गोळी झाडणाऱ्या दफेदार मीर फिदा अलीला फाशी दिलं गेलं, काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. ती जागा म्हणजे आजच्या क्रांती चौकातला काळा चबुतरा. आपल्यापैकी किती जण त्याच्या शेजारून एस.टी.नं गेले असतील! ही माणसं ना राजपुत्र होती, ना खलनायक. शिपाई होती. म्हणून पडद्यालाही त्यांची आठवण झाली नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, चित्रपट वाईट असतो असं मला म्हणायचं नाही. मुलांनी तो पाहावा, खुशाल टाळ्या वाजवाव्यात. पण दुसऱ्या दिवशी वर्गात तीन प्रश्न फळ्यावर लिहा. ही गोष्ट कोणी, कुठं बसून, कोणासाठी लिहिली? पडद्यावर आणताना तिच्यातलं कोण गळलं आणि कोण नवीन आलं? आणि जिथं हे घडलं म्हणतात, तिथं खरोखर काय घडलं? व्हर्नचं मराठी पुस्तक शाळेच्या कपाटात असेल तर ते वाचून दाखवा, नसेल तर ही हकीकतच सांगा. मग वहीच्या एका पानावर पोरांना लिहू द्या : मी हा चित्रपट काढला असता, तर दुष्ट कोणाला केलं असतं आणि का? त्यातल्या 'का'लाच जास्त गुण द्या.

आणि सहल शहरात नेलीत, तर बीबी का मकबरा आणि पाणचक्की दाखवाच. येताना क्रांती चौकात गाडी पाच मिनिटं थांबवा. मुलांना काळ्या चबुतऱ्यापाशी उभं करा, मीर फिदा अलीचं नाव सांगा, आणि त्याची गोष्ट कशी सांगावी हे त्यांनाच विचारा.