जुन्या सामानाला नवी कळा
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



दिवाळीची साफसफाई निघाली की घरोघर एक प्रश्न निघतो. ही जुनी खुर्ची ठेवावी की टाकावी? हे कपाट भंगारवाल्याला द्यावे की रंगवावे? प्रत्येकीला वेगळे उत्तर देण्यापेक्षा सर्वांपुढे एकदाच बोला, असा चिटणीसबाईंचा हुकूम झाला, म्हणून मी आज उभी आहे. मी काही सुतारकाम शिकलेली बाई नव्हे. पण या कामात हात घालून जे समजले, ते चार शब्दांत सांगते.

आजकाल हप्त्यावर सामान घेणे फार सोपे झाले आहे. आमच्या शेजारच्या एका घरी सागवानी बाक मोडीत काढून हप्त्यावर सोफा आणला. दिसायला फार सुरेख. पावसाळ्यात फरशी पुसतापुसता त्याच्या पायांना पाणी लागले आणि आतला भुशाचा बोर्ड पुरीसारखा फुगला. हप्ते संपायच्या आधी सोफा संपला. जो बाक कवडीमोलाने दिला, तो अजून तीस वर्षे चालला असता. नवे घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. पण आपल्या घरात काय आहे हे ओळखल्याशिवाय ते टाकू नये, आणि काय आहे हे तपासल्याशिवाय दुसऱ्याचे जुने घेऊ नये.

माझा नियम साधा आहे. सामानाचा सांगाडा पाहावा. कापड, रंग, पॉलिश, गादी हे सगळे वरचे आहे, ते आपल्या हाताने बदलता येते. सांगाडा चांगला असेल तर कितीही कळकट वस्तू घ्यावी. सांगाडा वाईट असेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नये.

घेताना काय पाहावे

मुंबईत चोर बाजार आहे, जोगेश्वरीकडे ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार आहे, पुण्यात जुना बाजार आहे. शिवाय बदली होऊन जाणारी बिऱ्हाडे सामान काढतच असतात. कोठूनही घ्या, पण दिवसाउजेडी घ्या आणि वस्तू उलटी करून पाहा. पुढून सर्वच चकचकीत असते. खरे लाकूड कळते ते तळाशी आणि खणाच्या मागच्या बाजूला. कडेला कागदाच्या थरांसारखे पदर दिसले तर ते प्लायवूड, आणि दाबलेल्या भुशासारखे दिसले तर भुशाचा बोर्ड. सागवान जरा घासले की त्याचा ओळखीचा तेलकट वास येतो. शिसव काळसर जांभळट आणि वजनाला जड असते.

मग खुर्चीवर बसून डावीकडे-उजवीकडे हलावे. सांधे करकरले तर घाबरू नये, ते दुरुस्त होतात. पण पायच उभा चिरला असेल तर विचार करावा. बारीक भोके दिसली तर खाली कागद पसरून वस्तू रात्रभर ठेवायला सांगावी. सकाळी कागदावर ताजी पूड पडलेली असली तर आत भुंगा जिवंत आहे, ती वस्तू घरात आणू नये. मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी. ढेकणांसाठी सांधे, स्क्रूची भोके आणि गादीच्या शिवणी पाहाव्यात, काळे ठिपके असले की समजावे. लाकडाच्या सांध्यांत उकळते पाणी ओतून ढेकूण मरतात, नवारही उकळत्या पाण्यात धुता येते. मात्र जुनी गादी आणि बैठकीतला जुना कापूस कोणाच्या घरचा कधीच घेऊ नये. तो बाहेरच पिशवीत बांधून टाकावा.

शेवटी बेरीज करावी. वस्तूची किंमत, टेंपोचे भाडे, पॉलिश, कापड, फोम आणि लागली तर सुताराची मजुरी. ही बेरीज तशाच नव्या वस्तूच्या निम्म्याहून वर गेली, तर मी ती वस्तू सोडून देते. आपली स्वतःची मेहनतही या हिशेबात धरावी. घरच्या बाईचे हात फुकट असतात, हा समज आपणच मोडायला हवा.

आधी सांधे, मग रूप

डगमगणाऱ्या खुर्चीला खिळा ठोकणे हा सर्वांत वाईट उपाय. खिळ्याने लाकूड फाटते आणि सांधा पुन्हा सुटतो. जुन्या सामानात सरस असतो. तो गरम पाण्याच्या फडक्याने मऊ होतो. सांधा सोडवून जुना सरस खरवडून काढावा, लाकूड वाळू द्यावे, मग फेव्हिकॉल लावून सांधा बसवावा. भोवती सुतळी गुंडाळून तिच्यात काडी घालून पीळ द्यावा, म्हणजे सांधा घट्ट आवळतो. चोवीस तास कोणाला बसू देऊ नये.

वेताची बैठक सैल पडली असेल पण तुटली नसेल, तर खुर्ची उलटी करून बैठकीच्या खालच्या बाजूने गरम पाण्याचे ओले फडके ठेवावे. वेत पाणी पितो, आणि वाळताना आखडून पुन्हा ताणला जातो. पैसा लागत नाही.

पॉलिश

सागवान, शिसव यांना रंग फासू नये. हल्ली सगळे पांढरे करण्याची आवड आहे, पण चांगल्या लाकडाच्या रेषा झाकून काय मिळते? त्याला लाखेचे पॉलिश द्यावे. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे राहतात, त्यांच्यापासून ही लाख मिळते. झारखंड आणि छत्तीसगड येथे तिचे उत्पादन मोठे आहे. रांचीजवळ नामकुम येथे 1924 सालीच लाखेच्या संशोधनाची संस्था निघाली, इतके या मालाचे महत्त्व होते.

एक लिटर स्पिरिटला सुमारे 150 ग्रॅम चपडी लाख घालून रात्रभर झाकून ठेवावी, दुसऱ्या दिवशी गाळून घ्यावी. रंगाच्या दुकानात तयार पॉलिशही मिळते. प्रथम लाकूड 120 नंबरच्या आणि मग 220 नंबरच्या पॉलिशपेपरने घासावे, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने; आडवे घासले तर ओरखडे पॉलिशखालून दिसतात. भोके आणि चिरा खडूच्या पुडीत थोडे पॉलिश व लाकडाच्या रंगाप्रमाणे गेरू किंवा पिवडी कालवून भराव्यात. मग कापसाचा बोळा जुन्या मलमलीत बांधून पातळ हात द्यावा. बोळा मध्येच थांबवू नये, नाहीतर तेथे डाग पडतो. वाळला की बारीक पॉलिशपेपरने हलके घासून दुसरा हात. असे पाच-सहा हात लागतात.

हे काम दसऱ्यानंतर करावे. पावसाळ्याच्या दमट हवेत लाखेचे पॉलिश पांढुरके पडते. जेवणाच्या टेबलालाही ते देऊ नये, गरम भांडे ठेवले की डाग उठतो. आणि एक महत्त्वाचे: स्पिरिट पेट घेते व ते विषारी असते. स्वयंपाकघरात, देवाच्या दिव्याजवळ किंवा मुलांच्या हाती लागेल असे ठेवू नये. अळशीच्या तेलाने भिजलेली फडकीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेटू शकतात. बाहेर पसरून वाळवावीत.

रंग

साधे लाकूड, पत्र्याची ट्रंक, लोखंडी कपाट यांना रंग शोभतो. लाकूड धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून वाळवावे, घासावे, मग प्रायमर, मग लांबी, पुन्हा घासणे, आणि शेवटी रंगाचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात. लोखंडाचा गंज तारेच्या ब्रशने काढून त्याच दिवशी रेड ऑक्साईडचा हात द्यावा, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले तर गंज पुन्हा धरतो. आपल्या आईच्या लग्नातली ट्रंक अशी रंगवून वर गादी टाकली, तर दोन माणसे बसतात आणि आत हिवाळ्याची पांघरुणे राहतात.

पण भगिनींनो, येथे मला तुमचे खास लक्ष हवे आहे. जुन्या तैलरंगांत शिसे असू शकते. आपल्या देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगांत दहा लाखांत 90 भागांहून अधिक शिसे असण्यास कायद्याने बंदी आहे. म्हणजे त्याआधीच्या रंगाबद्दल खात्री देता येत नाही. असा रंग कोरडा खरवडला की धूळ उडते. ती धूळ रांगत्या मुलाच्या हाताला लागते, आणि हात तोंडात जातो. शिसे मुलांच्या मेंदूला बाधते, आणि हे नुकसान भरून येत नाही. म्हणून जुना रंग नेहमी ओला करून पाण्याच्या पॉलिशपेपरने घासावा, बाहेर घासावा, खाली कागद पसरावा, नाकातोंडावर मास्क बांधावा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या जागेपासून दूर ठेवावे. नंतर जागा झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी, आणि अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत. ज्या पाळण्याचे रंगाचे पोपडे निघत आहेत, तो कितीही हौसेने कोणी दिला तरी त्यात बाळ घालू नये. पाळण्याची कड मुले चावतात.

बैठकीचे काम

हे काम पावसाळ्यात करण्यासारखे. जेवणाच्या खुर्चीची बैठक बहुधा खालून चार स्क्रूंवर असते. स्क्रू काढून ती उचलावी. जुने कापड फाडू नये, चुका उपसून अखंड काढावे, तोच आपला बेत. नवे कापड आधी धुऊन घ्यावे, नाहीतर पुढे आटते. चारही बाजूंना दोन इंच जास्त ठेवून कापावे. आधी नवार आडवीउभी विणून ताणून ठोकावी, त्यावर गोणपाट, मग काथ्या व कापूस किंवा फोम, त्यावर मांजरपाट आणि शेवटी वरचे कापड. फोम घेताना घनता विचारावी, बसण्यासाठी 32 किंवा 40 ची घ्यावी. कमी घनतेचा स्वस्त फोम लवकरच बसतो.

चुका ठोकताना पुढच्या कडेच्या मध्यावर एक, समोर मागच्या कडेच्या मध्यावर एक, मग डावी, मग उजवी. तेथून कोपऱ्यांकडे जावे, कोपरे सर्वांत शेवटी. एका टोकापासून सुरुवात केली तर कापड तिरके ओढले जाते आणि पट्टे वाकडे दिसतात. कापड म्हणून जुनी सोलापुरी चादर फार उत्तम. जाड, घट्ट आणि धुण्याजोगी. खणाचे कापड दिसते सुंदर, पण बैठकीला टिकत नाही. त्याचे उशांचे अभ्रे करावेत.

आता शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. हे काम एकेकटीने करायचे तर हातोडी, पक्कड, तारेचा ब्रश, स्क्रू काढण्याचे पेचकस, पॉलिशपेपर हे सर्व प्रत्येक घरी घेणे परवडत नाही, आणि वर्षातून दोनदाच लागते. मंडळाने हत्यारांची एक पेटी करावी, वहीत नोंद करून ती आठवड्यासाठी न्यावी व साफ करून परत आणावी. पेटीची पहिली कामगिरी म्हणून बालवाडीच्या लहान खुर्च्या घ्याव्यात. त्यांचे सांधे हलतात आणि रंगाचे पोपडे निघाले आहेत, हे आपण रोज मुलांना सोडताना पाहतोच. दसऱ्यानंतरचे दोन रविवार, दहा बायका, मागच्या अंगणात ओले घासणे, मग नवा रंग. मुले त्या दिवशी घरी राहतील असा बेत करावा.

ज्यांना यायचे आहे त्यांनी आजच चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. माझे नाव मी पहिले लिहिले आहे.