कावेरीकाठचा वाटाड्या



आजचा विषय पत्रिकेवर वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. गळ टाकून मासे धरणाऱ्या हौशी लोकांना वाट दाखविणारा एक गावकरी, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? परंतु या माणसाच्या हकीगतीत नदी, कायदा, शास्त्र आणि पोट हे चारही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. आणि तिचा एक धागा थेट आपल्या मुळा-मुठेपर्यंत व लोणावळ्यापर्यंत येऊन पोचतो. म्हणून ही हकीगत आपल्यापुढे ठेवावीशी वाटली.

मी कोणा एका व्यक्तीचे चरित्र सांगणार नाही. कर्नाटकात शिवसमुद्रमच्या धबधब्याखालून मेट्टूरच्या जलाशयाकडे कावेरी रानावनातून वाहत जाते. त्या पट्ट्यातील काठच्या गावांतून ज्यांनी वाटाड्याचा धंदा केला, त्यांच्या आयुष्याचा जो सर्वसाधारण साचा दिसतो, तोच सांगावयाचा आहे.

प्रथम माशाविषयी दोन शब्द. महसीर हा रोहू-कटल्यांच्याच गोतावळ्यातला, पण त्यांच्याहून कितीतरी बळकट. मोठाल्या खवल्यांचा, सोनेरी झाक असलेला हा मासा खडकाळ, धावत्या पाण्यात राहतो आणि पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट चढतो. मद्रास इलाख्यातील एक मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांनी १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहून, गळाला लागल्यावर झुंज देण्यात हा मासा विलायतेच्या सामनलाही मागे टाकतो, असे प्रतिपादन केले. १९४६ च्या मार्चमध्ये कावेरीची उपनदी कबिनी हिच्यात १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर गळाला लागला. चांगल्या धडधाकट माणसाच्या वजनाचा मासा! स्वातंत्र्यानंतर ही कीर्ती मावळली होती. १९७७ साली इंग्लंडहून तिघे तरुण या माशाच्या शोधात आले, त्यांना कावेरीत तो सापडला, आणि परदेशी हौशी मंडळींची रीघ पुन्हा सुरू झाली. भीमेश्वरी, दोड्डमाकळी, गालिबोरे येथे नदीकाठी तळ उभे राहिले.

पाहुणा येतो तो उत्तम काठी, चक्री आणि दोर घेऊन. परंतु नदी काही त्याला सामानाबरोबर विकत मिळत नाही. कोणत्या खडकाच्या आड पाणी संथ होते, कोणत्या डोहाच्या तोंडाशी मासा सकाळी येतो, कोठे कपारीवर घासून दोर तुटेल, हे ज्याला ठाऊक तो माणूस गावातच असतो. त्याचे शिक्षण नदीवर झालेले. बापाबरोबर जाळे टाकता टाकता त्याने पाण्याचा रंग ओळखावयास शिकलेले. आणि खरे ते सांगावयाचे, तर या वाटाड्यांपैकी कित्येक जण पूर्वी चोरून मासे मारणारे होते. सुरुंगाची कांडी डोहात टाकली की लहानमोठे सारेच मासे उलटे होऊन वर येतात, आणि पुढच्या वर्षाचे बीजही त्यातच जाते. तळ चालविणाऱ्यांनी शहाणपणा हा केला, की नदीची अशी खडान्खडा माहिती असलेल्या माणसांनाच कामावर घेतले.

त्याचा दिवस पहाटे सुरू होई. नाचणीच्या पिठाचा घट्ट उंडा शिजवून त्याचे गोळे वळावयाचे, हे आमिष. ज्या नाचणीवर त्याचे घर जगते, तीच माशालाही आवडते! मग बांबूची, टोपलीसारखी गोल होडी पाण्यात लोटावयाची. कानडीत तिला हरिगोलु म्हणतात. गळ लागला की मासा प्रवाहाबरोबर दूरवर दोर ओढीत नेतो, आणि वाटाड्या खडकांमधून होडी फिरवीत त्याचा पाठलाग करतो. पाण्यात मगरी, काठावर हत्ती. त्यांच्याकडेही लक्ष त्यानेच ठेवावयाचे. शेवटी दमलेला मासा हाती येतो. त्याचे वजन होते, छायाचित्र निघते, वहीत नोंद होते, आणि वाटाड्या त्याचे तोंड प्रवाहाकडे करून, कल्ल्यांतून पाणी खेळू लागेपर्यंत त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवतो. शेपटीला जोर आला की सोडून देतो. छायाचित्राखाली नाव पाहुण्याचे लागते. माशाला आधार देणारे हात मात्र याचे.

या सोडून देण्यात मोठा अर्थ आहे. मेलेला मासा बाजारात एकदाच विकला जातो. जिवंत मासा पुढल्या हंगामात पुन्हा पाहुणा आणतो, पुन्हा मजुरी देतो. हे गणित ज्याला स्वतःच्या चुलीवरून पटले, तो सुरुंगवाल्यांना आपणहून आडवा जातो. नदीचे रक्षण हे त्याच्या लेखी परोपकाराचे काम राहत नाही. ते त्याचे घरचे काम होते.

आता त्या वहीची गोष्ट. गालिबोरेच्या तळावर १९९८ ते २०१२ पर्यंत धरलेल्या माशांच्या नोंदी राहिल्या. सुमारे २३,६०० तासांची गळेगिरी आणि सहा हजारांवर मासे! शास्त्रज्ञांनी या नोंदी तपासून २०१५ साली निष्कर्ष मांडले. त्यांत आनंद आणि दुःख शेजारी शेजारी बसलेले आहेत. माशांची संख्या वाढली होती. पण ती निळसर परांच्या महसीराची. कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला, प्रचंड वाढणारा महसीर मात्र दरसाल कमी कमी होत गेला होता.

आणि हा निळ्या परांचा मासा आला कोठून? श्रोतेहो, तो आपल्याकडचा! कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेतील ज्या माशाचे वर्णन करून त्याला 'खुद्री' हे जातिनाम दिले, तोच हा. लोणावळ्यास टाटांच्या वीजकंपनीच्या मत्स्यबीज केंद्रात त्याची पैदास करण्यात आली. महसीर नष्ट होत चालला आहे, तो वाचवावा, हा त्या कामामागचा हेतू निखालस चांगला होता, आणि त्या काळी माशांच्या जातींमधला भेद आजच्याइतका स्पष्टही नव्हता. १९७० नंतरच्या दशकात तेथील बोटुकली कावेरीत सोडण्यात आली. ती तेथे रुजली, आणि यजमानाच्या घरात पाहुणाच शिरजोर झाला. दरम्यान कावेरीच्या त्या मूळ माशाला शास्त्रात नीट नावसुद्धा नव्हते. २०१८ साली तो 'टॉर रेमादेवी' या जातीचा असल्याचे सिद्ध झाले, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. नाव मिळाले, तोवर कूळ बुडावयास लागले होते.

मग २०१२ च्या सुमारास गळ थांबले. हा पट्टा १९८७ पासून कावेरी अभयारण्यात आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अभयारण्यात मासेमारीची क्रीडा चालू द्यावी काय, असा प्रश्न उभा राहिला. कायद्याची बाजू पोकळ नाही. करमणुकीसाठी प्राण्याच्या ओठात लोखंड अडकवावयाचे आणि त्याला संरक्षण म्हणावयाचे, हे पुष्कळांना रुचणार नाही. मलाही ते सहज गिळवत नाही. परंतु बंदीचा हुकूम कागदावर उतरतो त्याच दिवशी नदीवर दुसरा पहारेकरी उभा राहतो, असे नाही. वही तेथे थांबली. रोज पहाटे डोहावर जाणारे पाय थांबले. ज्या माणसाला आपण सुरुंगापासून परत वळविले होते, त्याला त्याच्या पोटाचा दुसरा मार्ग दाखविल्यावाचून घरी पाठविले, तर त्याने नदीकडे कोणत्या नजरेने पाहावे?

गळ पुन्हा सुरू करा, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच, की नदीचे ज्ञान असलेला माणूस हीदेखील नदीची संपत्ती आहे. गळ नको असेल तर त्याच्या हाती नोंदवही द्या, पहाऱ्याचे काम द्या, त्याला रीतसर वेतन द्या. पण त्याला नदीवर राहू द्या. शास्त्रज्ञ वर्षातून काही दिवस येतो. वाटाड्या बारमास तेथे असतो. दोघांची गाठ पडली तेव्हाच कावेरीतला बदल उजेडात आला.

आपल्याकडे याचे उदाहरण नाही असे नाही. महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडीच्या डोहात वरदायिनीचे म्हणून, आणि वाड्याजवळ तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात तिळसेश्वराचे म्हणून महसीर राखले गेले आहेत. तेथे मासा धरावयाचा नाही, हा दंडक गावाने स्वतःच पाळला. कोठे देवाच्या भीतीने, कोठे पोटाच्या गणिताने, पण नदी राखली ती काठावरच्या माणसानेच. आपापल्या गावच्या नदीवर असा एखादा म्हातारा कोळी किंवा भोई अजून असेल. कोणता डोह आटला, कोणता मासा दिसेनासा झाला, हे त्याला तोंडपाठ असेल. या उन्हाळ्यात त्याला गाठा, त्याच्यापाशी बसा आणि तो सांगेल ते लिहून घ्या. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.