नोंदींची राखण

(वार्षिक सभेतील मनोगत)



पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांवर जातात व उन्हाळ्यात परततात. एवढ्या प्रवासात केसपेपर टिकेलच असे नाही. रुग्णाला कोणते औषध सोसत नाही, हे मग आपल्या सर्व्हरवरील नोंदच सांगते.

सॉफ्टवेअरचे अपडेट टाळणे धोक्याचे. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने दिलेली दुरुस्ती न बसवलेल्या ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांचे काम त्याच वर्षी १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने विस्कळीत केले. परंतु अपडेटही अर्ध्यावर फसू शकते. आणि नव्या आवृत्तीने डेटाबेसची मांडणी बदलली, तर जुन्या आवृत्तीस ती वाचता येत नाही. मग परतीची वाट एकच: आधी घेतलेला बॅकअप.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. कित्येक दिवस कामकाज हाताने चालले. तरी सुरक्षित राहिलेल्या बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली.

म्हणून दंडक असा असावा: रात्री संगणकीय नोंदी थांबवाव्यात, तातडीच्या रुग्णांची नोंद कागदावर घ्यावी, डेटाबेसची पूर्ण प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवावी, ती चाचणी संगणकावर उघडून ताडावी, मगच अपडेट करावे. येथे झाकली मूठ सव्वा लाखाची मानून चालत नाही.

यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, बॅकअपच्या डिस्कवर नाही. तरीही तिच्यासाठी तरतूद व्हावी, ही नम्र विनंती.