पडद्यामागचे सूर

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)



५ मार्च २००५ ची रात्र तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या रात्री ‘इंडियन आयडॉल’ या स्पर्धेच्या पहिल्या पर्वाचा निकाल लागला आणि मुंबईचा अभिजीत सावंत विजेता ठरला. मराठी मुलगा जिंकला म्हणून आम्हा नागपूरकरांना आनंद झालाच, पण थोडी चुटपुटही लागली. कारण शेवटच्या तिघांत राहुल वैद्य होता आणि त्याचा जन्म नागपूरचा. दुसरा आला तो अमित साना, भिलाईचा. भिलाई म्हणजे आपल्याच रेल्वे लाइनवरचे गाव, त्यामुळे तोही आम्हाला शेजारचाच वाटायचा.

मी गाणे शिकवतो. त्या काळात क्लासला येणारी मुले रागाचे नाव विसरायची, पण कुणाला कोणत्या नंबरावर एसएमएस करायचा हे त्यांना पाठ असे. आज मला बोलायचे आहे ते त्या एसएमएसबद्दल आणि पडद्यामागे जे घडते त्याबद्दल.

‘इंडियन आयडॉल’ची कल्पना आपली नव्हे. २००१ साली ब्रिटनमध्ये ‘पॉप आयडॉल’ सुरू झाले, त्याचा हा भारतीय अवतार. आपल्याकडे त्याआधीही गाण्याच्या स्पर्धा होत्या. ‘सारेगम’ हा कार्यक्रम १९९५ पासून सुरू होता आणि तिथे निर्णय द्यायला जाणकार परीक्षक बसत. नव्या पद्धतीत निर्णय प्रेक्षकांच्या हाती गेला. ऐकायला हे फार लोकशाहीचे वाटते. पण लोकशाहीत एका माणसाला एक मत असते आणि ते फुकट असते. इथे एक माणूस हवी तितकी मते देऊ शकत होता, आणि प्रत्येक मताला पैसे पडत होते. ज्या गावाच्या खिशात जास्त पैसे आणि ज्या प्रांताची अस्मिता जास्त पेटलेली, त्याचा गायक पुढे. २००५ च्या ‘सारेगमप चॅलेंज’मध्ये आसामचा देबोजित साहा जिंकला, तेव्हा हा गाण्याचा विजय की प्रांताचा, यावर देशभर वाद झडले. गायक हळूहळू उमेदवार झाला आणि त्याचे गाव मतदारसंघ!

आणि ही मते मोजतो कोण? निवडणुकीत मतमोजणीच्या टेबलाशी प्रत्येक पक्षाचा प्रतिनिधी बसतो. इथे प्रेक्षकाला तपासून पाहता येईल असा हिशेब त्याच्या हाती नसतो. म्हणूनच जुन्या शंका मरत नाहीत. त्या अंतिम फेरीनंतर जवळजवळ दोन दशकांनी अमित सानाने एका मुलाखतीत जाहीर आरोप केला, की निकालाआधी दोन दिवस त्याच्यासाठीच्या मतदानाच्या लाइन बंद होत्या. अभिजीतने ते मानले नाही. कोण खरे, हे मी सांगू शकत नाही. पण दोन चांगल्या गायकांच्या मनात इतकी वर्षे हा काटा राहावा, याचे वाईट वाटते.

दुसरी गोष्ट कौतुकाची. २०२१ मध्ये याच स्पर्धेच्या बाराव्या पर्वात किशोरकुमारांच्या गाण्यांचा खास भाग झाला. पाहुणे म्हणून त्यांचे चिरंजीव अमितकुमार आले होते. नंतर त्यांनी मुलाखतीत सांगून टाकले, की सगळ्यांचे कौतुक करा असे आपल्याला सांगण्यात आले होते आणि आपण ते केले, पण तो भाग काही आपल्याला आवडला नाही. केवढी खळबळ उडाली! मला मात्र वाटले, की ज्या मुलांना तेव्हा ‘वाहवा’ मिळाली, त्यांचे काय? आपली दाद खरी होती की ठरवलेली, हे त्यांना आता कधी कळणार?

मंडळी, हे झाले मोठ्यांचे. आता माझीच एक चूक सांगतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक अकरा वर्षांची मुलगी शिकायला येत असे. गळा असा, की तानपुऱ्याशी बसली की खोली भरून जायची. वडिलांची मिल बंद पडलेली, आई घरी शिवणकाम करायची. लहान मुलांच्या एका स्पर्धेची निवड फेरी निघाली आणि मी हट्टाने त्या दोघींना घेऊन गेलो. पहाटे पाचपासून रांग होती. टीव्हीवर दिसणारे परीक्षक पहिल्याच फेरीत समोर बसलेले असतात असा आपला समज असतो. तसे काही नसते. आधी कार्यक्रमाची माणसे ऐकतात, चाळणी लावतात, आणि मग पुढचे दार उघडते. आमची मुलगी दोन चाळण्यांतून पार झाली. मग एक तरुण मुलगा वही घेऊन आला. त्याने गाण्याबद्दल एक प्रश्न विचारला आणि घराबद्दल दहा. वडील काय करतात, नोकरी कधी गेली, घरी रडारड होते का.

आईने माझ्याकडे पाहिले. म्हणाली, “सर, हे सांगाच लागते का जी?”

आणि मी म्हणालो, “सांगून टाका ताई. पोरीचं भलं होईल.”

तिने सांगितले. कॅमेऱ्यासमोर पोरीलाही तेच विचारले. ती रडली. मग ती गायली, आणि खरोखर छान गायली. पण पुढच्या फेरीत तिची निवड झाली नाही. दोन महिन्यांनी कार्यक्रम दिसला, त्यात ती काही सेकंदच होती. रडणे होते, मागे करुण सूर वाजत होता, गाणे मात्र नव्हते. दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांनी काय विचारले असेल, याची कल्पना तुम्हीच करा. तिने क्लास सोडला. आई मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

आज काही गोष्टी बदलल्या आहेत, त्या पालकांना ठाऊक असायला हव्यात. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ साली त्याचे नियम आले. त्यानुसार बालकलाकाराकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, सलग ३ तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो. हे नियम चांगले आहेत. पण मुलाचे अश्रू किती सेकंद दाखवावेत, याचे घड्याळ कुठल्याही नियमात बसत नाही. ते आईबापांनी आणि गुरूनेच पाहायचे असते.

याचा अर्थ या स्पर्धा वाईटच, असे मी म्हणणार नाही. आपल्या विदर्भाचीच वैशाली माडे पाहा. मराठी ‘सारेगमप’ जिंकून ती हिंदी ‘सारेगमप चॅलेंज २००९’चीही विजेती ठरली, आणि २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’त श्रेया घोषालबरोबर ‘पिंगा’ गायली. एरवी आपल्याकडच्या मुलीचा आवाज मुंबईच्या स्टुडिओपर्यंत कोणी नेला असता? ‘लिटिल चॅम्प्स’ची ती पाच मुलेही आठवा. २००९ मध्ये आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली, पण बाकीच्या चौघांनाही महाराष्ट्राने घरचेच मानले. २०२१ मध्ये तीच पाच जणं परीक्षणाला बसली. जी मुले टिकली, ती स्पर्धा संपल्यावरही गात राहिली म्हणून टिकली.

आताही पालक येतात. विचारतात, “सर, न्यावं का ऑडिशनला?” मी नको म्हणत नाही. तीन गोष्टी सांगतो. करारनामा घरी आणून, जाणत्या माणसाकडून वाचून घ्या; रांगेत उभ्याने सही करू नका. घरातले दुःख विकायला काढू नका; विचारले तर ‘गाण्याबद्दल विचारा’ असे नम्रपणे सांगा. आणि निकाल काहीही लागो, दुसऱ्या दिवशी सकाळी पोराला रियाजाला बसवा.

ती मुलगी पुढे आली का, असे तुम्ही विचाराल. दोन वर्षांनी आली. गणपतीचे दिवस होते, मोहल्ल्यातल्या मंडपात मी पेटीवर होतो. ती आईबरोबर मागे उभी होती. मी हाक मारली नाही, पुन्हा हट्ट करायचा नव्हता. आरती झाल्यावर तीच पुढे आली आणि म्हणाली, “सर, काळी चार घ्या.” मग तिने एक अभंग गायला, पूर्ण.

तिथे कॅमेरा नव्हता, म्हणून कोणी मध्येच तोडला नाही.