शाळेचा पासवर्ड कुणाच्या हातात?
(कार्यकर्त्या शिबिरात केलेलं भाषण)



कौटुंबिक हिंसाचारावरच्या शिबिरात मी शाळेच्या कॉम्प्युटरविषयी बोलणार आहे. हा विषय इथे कुठून आला, असं तुम्हाला वाटेल. दोन वर्षांपूर्वी मलाही तसंच वाटलं असतं.

आमच्या सल्लाकेंद्रात एक बाई आली. मारहाण सोसून शेवटी मुलीला घेऊन घराबाहेर पडलेली. आम्ही तिची दुसऱ्या तालुक्यात सोय केली. पत्ता आम्हा चौघींनाच ठाऊक. मुलीचं नाव तिथल्या शाळेत घातलं आणि पंधरा दिवसांत नवरा शाळेच्या फाटकाशी हजर! आम्ही एकमेकींकडे संशयानं बघू लागलो. शोध घेतल्यावर कळलं, आमच्यातलं कुणीच फुटलं नव्हतं.

महाराष्ट्रात २०१५ साली ‘सरल’ प्रणाली आली. मूल शाळा बदलतं तेव्हा नवी शाळा जुन्या शाळेला ऑनलाइन विनंती पाठवते. म्हणजे मूल कुठे गेलं, हे जुन्या शाळेच्या लॉगिनमध्ये दिसतं. त्या शाळेत हे काम एका तरुण शिक्षणसेविकेच्या गळ्यात होतं. शाळेत इंटरनेट धड नाही, म्हणून पासवर्ड चिठ्ठीवर लिहून बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात दिलेला. दुकानदार नवऱ्याच्या ओळखीचा.

पुढे मुख्याध्यापकांनी हात वर केले, “ऑनलाइनचं सगळं बाईच बघतात.” नोटीस तिला मिळाली. दुकानात द्यायला त्यांनीच सांगितलं होतं, पण तोंडी. पुरावा कुठून आणणार? एका चिठ्ठीपायी दोघी भरडल्या गेल्या.

शाळेचा युजर आयडी यू-डायस क्रमांकावरून ठरतो आणि तो क्रमांक कुणालाही मिळतो. उरतं कुलूप एकच, पासवर्ड. एकाच लॉगिनवर चौघं काम करत असतील तर माहिती कुणी उघडली, हे सांगता येत नाही. मग दोष सगळ्यात खालच्या पायरीवरच्या बाईवर.

म्हणून शाळांकडे आपण मागणी करूया. शक्य तिथे प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन हवं, आणि ज्याला जेवढं काम तेवढीच माहिती दिसावी. जिथे लॉगिन एकच आहे, तिथे ते कुणाकडे आहे याची लेखी नोंद हवी. कुणाची बदली झाली की त्याच दिवशी पासवर्ड बदलावा. दुकानात तो मुळीच जाऊ नये. शिक्षिकांनीही तोंडी हुकूम लेखी मागावा. एकटीला ते जड जातं, तेव्हा चौघींनी मिळून मागावा.

आपणही शिकलं पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे, आठवीपर्यंत दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही. तेव्हा आधी प्रवेश घ्या. ऑनलाइन विनंती थोडी थांबवा, असं नव्या मुख्याध्यापकांना समजावून सांगा. तोवर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८ खाली संरक्षण आदेश मागा. नवऱ्याला मुलाच्या शाळेत यायला मनाई करावी, असं त्यात स्पष्ट लिहा. आदेशाची प्रत दोन्ही शाळांना द्या आणि पोच घ्या. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही शाळेत सांगा.

त्या मायलेकींना पुन्हा घर बदलावं लागलं. मुलीचं अर्धं वर्ष बुडालं. आता आमच्या केंद्राच्या अर्जात एक नवा प्रश्न आहे: “मुलाच्या जुन्या शाळेचा पासवर्ड कुणाकुणाकडे आहे?” तुमच्याही अर्जात तो घाला.